तीस, तीस आणि उभी

गिराम मॅडम पहिल्या दिवशी पोरांना पेन्सिल आणायला सांगत नसत. कपडे धुवायच्या साबणाची एक वडी आणि घरातला एखादा बोथट चाकू आणायला सांगत. सेलूजवळच्या एका खासगी आयटीआयत त्या ड्रॉइंग शिकवायच्या आणि मी वेल्डिंग. माझं वर्कशॉप आणि त्यांचा हॉल यांच्यामध्ये एकच भिंत. तिकडून साबणाचा वास यायचा आणि इकडं माझी पोरं म्हणायची, "सर, मॅडमनी धुणं काढलं वाटतं." मी त्यांना दटावायचो, पण मनातून मलाही तेच वाटायचं. अहो, ड्रॉइंगच्या तासाला साबण कापतं का कुणी!

त्यांचं म्हणणं असं, की ज्या पोरानं वस्तू हातात धरून बघितली नाही, ते कागदावर काय कपाळ बघणार? वडी टेबलावर कोपरा पुढं करून ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि जरा वरून बघायचं. वरची बाजू, डावी बाजू, उजवी बाजू, तिन्ही एकदम दिसतात. हेच आयसोमेट्रिक. उभ्या कडा कागदावर उभ्याच राहतात, बाकीच्या कडा तीस अंशात डावीकडं नाहीतर उजवीकडं जातात. "तीस, तीस आणि उभी!" त्या फळ्यावर पट्टी आपटून म्हणायच्या आणि सगळा वर्ग पाढ्यासारखं मागून म्हणायचा. मग त्या वडीत कुठं खाच पाडायची, कुठं पायरी काढायची आणि जे झालं ते कागदावर दाखवायचं. कधी उलटं. चित्र मॅडम द्यायच्या आणि वडी पोरांनी कापायची. चुकलेल्या वड्या वाया जात नव्हत्या. मॅडम त्या पिशवीत भरून घरी न्यायच्या. "पोरं जितकी चुकतील तितकं माझं धुणं स्वच्छ," असं वर आणखी ऐकवायच्या.

ठेंगणी बाई, आवाज मात्र वर्कशॉपच्या ग्राइंडरवर मात करणारा. खांद्याला कापडी पिशवी आणि त्यातून टी-स्क्वेअर, ड्रॉइंगची ती लांब पट्टी, हातभर बाहेर आलेला. एसटीत तो कुणाच्या ना कुणाच्या बरगडीत घुसायचाच. एकदा एक आडदांड गडी वैतागून म्हणाला, "मावशी, ही तलवार म्यान करा की!" मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्यान केली तर वाकडी व्हईल. तुमीच जरा सरका." सरकला बिचारा. त्यांच्यापुढं कोण सरकत नव्हतं?

एक खोड जन्माची होती. कुठलीही गोष्ट समोरून बघायची नाही. कुणाच्या घरी गेल्या की आधी घराच्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या, मान तिरकी करायच्या, मग आत यायच्या. लोकांना वाटायचं, बाई वास्तुदोष बघायलीय. आमच्याकडं तपासणीला पाहुणे आले तेव्हा सगळ्या स्टाफचा इमारतीपुढं फोटो निघायचा होता. प्रिन्सिपल साहेब कोट घालून, छाती काढून मधोमध उभे. मॅडमनी फोटोवाल्याला हाताला धरून कोपऱ्यावर नेलं. "हितून काढ. समोरून काढलास तर निस्ती भिंत येती, बिल्डिंग येत न्हाई." त्या फोटोत बिल्डिंग झकास आली, साहेबांचा फक्त कान आला. साहेब पुढं महिनाभर त्यांच्याशी नीट बोलत नव्हते.

एकदा एका पोरानं विचारलं, "मॅडम, तीन बाजू दिसल्या, पण मागची?" त्यांना असले प्रश्न फार आवडायचे. हातातली वडी न फिरवता त्या म्हणाल्या, "मागची बाजू ह्या चित्रात काढायची नसती. पण ती असती, बरं का! ती हाय हे डोक्यात ठिवायचं. इसरलास की वडी पोकळ झाली." भिंतीपलीकडून हे ऐकून मी हसलो होतो. साबणाच्या वडीवर कीर्तन चाललंय म्हटलं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. मॅडमचा धाकटा भाऊ दत्ता. वाडीवर दोन-अडीच एकर कोरडवाहू, म्हणून नवरा-बायको दरसाल ऊसतोडीला जायचे. वाडी आणि शाळा यांच्यामधून कॅनॉलची चारी जाते. पाण्याची पाळी सुटली की चारी काठोकाठ वाहते. ओलांडायला काय, तर एक जुना गोल सिमेंटचा पाइप आडवा टाकलेला. त्याच्यावरून पोरं डोंबाऱ्यासारखी जायची. नाहीतर लांबच्या पुलावरून वळसा घालून, सुनसान कापसातून एकटंदुकटं चालायचं. एका पाळीत दत्ताची पोरगी वैष्णवी त्या पाइपवरून घसरली. पाणी धरणाऱ्या एका माणसानं दप्तराला धरून बाहेर ओढली म्हणून वाचली. दत्तानं त्या दिवशीच शाळा बंद केली आणि त्या हंगामात पोरगीला बरोबर नेली. ती परत आली तेव्हा हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे आणि पाढे सगळे साफ विसरलेले.

मॅडम वाडीवर जाऊन भावाशी कडाकडा भांडल्या. दत्तानं शेवटी हात जोडले. "आक्का, मला का हौस हाय का? पूल कर. पूल झाला तर पोरगी आपल्या म्हाताऱ्या मायजवळ ठिवतो. न्हाईतर दिवाळी झाली की ट्रॅक्टरमधी घालून नेतो."

"शब्द?"

"शब्द."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या वर्कशॉपच्या दारात, अर्थातच कोपऱ्यावर, उभ्या राहिल्या. "सर, तुमच्या पोरांना खरं वेल्डिंग करायला पायजे का? का निस्ते पत्र्याचे तुकडेच जोडायलाव?" मी म्हटलं, मॅडम, चारीवर पूल बांधायचा म्हणजे काय साबण कापणं आहे का? त्या म्हणाल्या, "तेवढंच हाय. फक्त लोखंडाचं."

आणि बाई लागल्या कामाला. मोडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडचे चॅनल, म्हणजे लांब लोखंडी तुळया, पडून होते, ते मालकाच्या मागं लागून मिळवले. कॅनॉलच्या ऑफिसात समोरचा, वरचा, बाजूचा असे सगळे नकाशे रीतसर काढून दिले. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी चॅनलची जाडी, पायाचे दगड, सगळं तपासून दोन बदल सांगितले आणि सही दिली. हे सगळं झालं तरी वाडीत घोडं अडलं. पुलाचं पलीकडचं टोक ज्यांच्या बांधावर टेकणार, ते तुकाराम अण्णा अडून बसले. पूल आला की रस्ता येणार, रस्ता आला की आपला बांध खाणार आणि बांधावरचा लिंब तोडणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलेलं. ऑफिसातला नकाशा त्यांच्यापुढं पसरला तर म्हणाले, "ही काय शिडी हाय का खाट? मला उल्लू बनवू नका."

मॅडम नकाशा गुंडाळून परत आल्या. आठवड्यानं मारुतीच्या पारावर त्यांनी एक भलामोठा कागद लावला. आयसोमेट्रिक. चारी, पूल, दोन्हीकडच्या पायऱ्या, कठडा, कठड्यातल्या तिरप्या पट्ट्या, आणि अण्णांचा बांध. गंमत बघा, झाड-माणूस असलं काही ड्रॉइंगमध्ये घातलं तर ही बाई पोरांचे मार्क कापायची. "ज्याचं माप न्हाई ते ह्यात बसत न्हाई," हा त्यांचा नियम. पण त्या कागदावर बांधाच्या कडेला लिंबाचं खोड होतं, आणि अण्णांनी खोडाला टेकून ठेवलेला मोडका नांगरसुद्धा. सगळी वाडी जमली. बायका बोट लावून लावून बघायला लागल्या, "ही बघ शाळा तिकडं, हितून चढायचं, हितून उतरायचं." ज्यांनी जन्मात नकाशा बघितला नाही त्यांना पूल उभा दिसला. अण्णा चष्मा वरखाली करत बराच वेळ बघत होते.

"हा माझा लिंब हाय का?"

"तुमचाच. त्याच्यापून पायरी किती लांब हाय ते बघा."

"नांगर कामून काढला गं पोरी? मोडलाय त्यो."

"म्हटलं अण्णाला वळख पटायला पायजे."

अण्णा हसले आणि गडी बांधावरून हलला. त्या दिवशी मी पहिल्यांदा कबूल केलं, की बाईच्या साबणात दम आहे.

चॅनल कापायचं, जोडायचं काम मी आणि माझ्या पोरांनी घेतलं. कठडा तयार करायचा जिम्मा इरफानकडं. हा मॅडमचाच जुना विद्यार्थी, आता त्याचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान. मोठ्या मनानं म्हणाला, "मॅडम, कठडा मेरी तरफ से. तुमी टेन्शन घेऊ नका." दिवाळी तोंडावर आली होती. ऊसतोडीच्या मुकादमाचे फोन सुरू झाले होते आणि पाळी सुटणार अशी दवंडीही फिरली होती. अशात इरफाननं कठड्याचे तुकडे टेम्पोत घालून आणले आणि आम्ही ते लावायला गेलो, तर काही केल्या बसेनात! चौकटी बरोबर, पण चौकटीतल्या तिरप्या पट्ट्या पार बिघडलेल्या. एक लांब, तिच्यापुढची आखूड. लांब होती ती चौकटीच्या बाहेर यायची आणि आखूड होती ती कोपऱ्याला पोचायचीच नाही.

मी इरफानवर असा तापलो म्हणता! "अरे, आयताचे दोन कर्ण सारखे असतात एवढं शेंबड्या पोरालाही कळतं! ही लांडी-लांब कुठून काढलीस?" इरफानचा चेहरा उतरला. म्हणाला, "सर, मी काय मनानं केलं न्हाई. पारावरच्या कागदावर पट्टी ठिवून मापं घेतली. कागदावर एक लांब हाय, एक आखूड हाय. मला वाटलं, मॅडमनी काढलंय म्हणजे डिझाइनच तसं असंल."

मॅडम खाली बसून दोन्ही पट्ट्या हातात घेऊन बघत होत्या. मला वाटलं आता ह्याची काही धडगत नाही. आयसोमेट्रिकमध्ये माप फक्त तीन दिशांना खरं मिळतं. उभ्या कडेवर आणि त्या तीस अंशातल्या दोन्ही कडांवर. तिरप्या रेघेवर पट्टी ठेवली की फसलात, ती कागदावर ताणली तरी जाते नाहीतर आवळली तरी जाते. हे त्यांनी पोरांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलेलं. इरफाननं तर त्यासाठी अंगठेही धरले असतील.

पण त्या शांतपणे उठल्या. "चूक माझी हाय. त्यो कागद गावाला दाखवायला काढला होता, कापायला न्हाई. इरफानला समोरचा नकाशा द्यायला पायजे होता. आपलाच पोरगा हाय, त्याला काय सांगायचं, असं म्हणून मी गाफील राहिले." मग इरफानकडं वळून, "रडतोस कामून रे घोड्या? साबण चुकला तर धुणं धुता येतं, लोखंड चुकलं तर जोड देता येतो. लांब हायत त्या कापून बरोबर करायच्या, आखूड हायत त्यांना निघालेले तुकडे जोडायचे. जाधव सर, तुमच्या पोरांचा जोड टिकतो का न्हाई?"

आता असं विचारल्यावर कोण वेल्डर नाही म्हणेल? त्यांनी तिथंच बांधावर पाटी मागवली, खडूनं चौकट समोरून काढली आणि तिरप्या पट्टीचं खरं माप लिहून दिलं. दिवाळीत आम्ही कुणी घरचा फराळ धड खाल्ला नाही. वाडीतल्या बाया डब्यातून चिवडा, करंज्या आणून द्यायच्या आणि मॅडम करंजी हातात धरून पट्ट्या मोजायच्या. माझी बायको फोनवर म्हणाली, "तुमी आता तिकडंच राहा." पण पूल उभा राहिला, इंजिनिअर साहेबांनी येऊन बघितला आणि दुसऱ्या दिवशी चारीला पाणी आलं. आजही त्या कठड्याला जवळून बघितलं तर एक सोडून एक पट्टीवर जोडाची गाठ दिसते. इरफान तिथून जाताना तिकडं बघत नाही म्हणतात.

टोळीचा ट्रॅक्टर निघायचा त्या सकाळी मी मुद्दाम गेलो होतो. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळ्या. दत्ता, त्याची बायको, तिच्या मांडीवर अडीच वर्षांचा पोरगा सम्या, आणि शेजारी वैष्णवी. वेण्या घातलेली, बिनदप्तराची. मॅडम ट्रॅक्टरच्या तोंडापुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी कोपऱ्यावर नाही, बरोब्बर समोर.

"दत्ता, पोरगीला उतरव."

दत्ता खाली बघून म्हणाला, "आक्का, ह्या वर्साला राहू दे."

"शब्द दिला होतास तू! सगळी वाडी साक्षीला हाय. आमी दिवाळी सोडून पूल केला तो काय शोभेला का?" आवाज असा, की ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "उतरव म्हनते ना!"

दत्तानं बायकोकडं बघितलं. बोलली ती त्याची बायको. "वन्सं, पूल झाला, मान्य हाय. पण सम्याला कुनाकडं ठिवू? फडात मी आन् हे पहाटंपून कोयत्यावर. त्यो आता पळायला शिकलाय. बैलाखाली जातोय, गाडीखाली जातोय. वैशीच त्याला धरून बसती. हितं मायजवळ ठिवावा तर त्यांना गुडघ्यानं चालू होत न्हाई आन् समोर भरलेली चारी. सांगा मला, काय करू?"

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ही बाजू मी बघितलीच न्हाई की गं." आणि ट्रॉलीच्या फळीपाशी जाऊन दोन्ही हात वर केले. "आण. दोघांलाबी दे. वैशी मायपशी राहील, शाळंला जाईल. ह्याला मी सेलूला नेते."

"तुमची नौकरी?"

"नौकरी मी बघते. आण म्हनते ना."

सम्या भोकाड पसरून रडत त्यांच्या अंगावर आला आणि पहिल्या झटक्यात चष्मा ओढून खाली पाडला. त्याची आई ट्रॉलीत तोंड झाकून बसली. ट्रॅक्टर लांब गेला तशी वैष्णवी पुलाच्या पायरीवर चढली, कठड्याला हात न लावता पलीकडं गेली आणि तशीच परत आली. खाली चारी काठोकाठ वाहत होती. मी जोडाच्या गाठी तपासायचं सोंग करून पाठ फिरवली.

आयटीआयत पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. पन्नाशी ओलांडलेली, लग्न न केलेली ही बाई रोज सकाळी एका खांद्याला टी-स्क्वेअर आणि एका कडेवर सम्या घेऊन हजर! प्रिन्सिपल साहेब म्हणाले, "मॅडम, हे नियमात बसत नाही." त्या म्हणाल्या, "सायेब, मी रजा मागितली का? तास बुडवला का? मग राहू द्या." साहेबांनी राहू दिलं. सम्याला ड्रॉइंग हॉलच्या कोपऱ्यात एका आडव्या ड्रॉइंग बोर्डावर गोधडी टाकून बसवायचे आणि खेळायला साबणाचे ठोकळे. त्यानं पहिल्या आठवड्यात एक पायरीवाला ठोकळा चाटून बघितला आणि फेस आल्यावर सगळ्या वर्गाला शिव्या दिल्या. फडात शिकलेल्या शिव्या होत्या, कसदार होत्या. नंतर पोरंच त्याला आळीपाळीनं धरायची. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या वर्कशॉपभर फिरायचा आणि मी, ज्यानं आपली स्वतःची पोरं कधी खांद्यावर घेतली नाहीत, त्याच्यामागं बोंबलत पळायचो.

त्याच हंगामात मी नोकरी सोडली आणि परभणीला लेकाकडं राहायला गेलो. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेत मॅडमच्या हॉलच्या दारात आलो, तर तास चालू होता. आत गेलो नाही, कोपऱ्यावर उभा राहिलो. त्यांची सवय मलाही लागली होती. सम्याला ताप असावा, बोर्डावर बसत नव्हता. मॅडमनी त्याला डाव्या कडेवर घेतला होता आणि उजव्या हातानं त्या फळ्यावर पट्टीशिवाय उभी रेघ ओढत होत्या. रेघ अर्ध्यावर आली आणि सम्यानं त्यांच्या हातातल्या खडूवर झडप घातली. रेघ एकदम वाकडी होऊन खाली घसरली. वर्गात खसखस पिकली.

मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी पदरानं ती रेघ पुसली. सम्याला उचलून उजव्या कडेवर घेतला, खडू डाव्या हातात धरला आणि पहिल्यापासून ओढली. सरळ.

"हां, म्हना," त्या वर्गाकडं न बघता म्हणाल्या. "तीस, तीस..."